आईचं ‘फुल बॉडी चेकअप’

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि माझ्याच मूर्खपणाबद्दल आहे.

गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला मी फोनवरून ‘फुल बॉडी’ पॅकेज बुक केलं. सत्तरेक टेस्ट, वर ‘कॅन्सर मार्कर’ फ्री. वाटलं, काय भारी गिफ्ट! रिपोर्ट आला तर सीए-१२५ समोर लाल आकडा. पंधरा दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सोनोग्राफीत निघालं काय, तर फायब्रॉइड. गर्भाशयातली साधी गाठ. त्यानेही हे वाढतं, पाळीच्या दिवसांतही वाढतं. म्हणून काही त्रास नसलेल्या बाईची ही टेस्ट उगाच करू नका, असंच सांगतात. सर्व्हरचा खोटा अलर्ट आला तर मी शिवी देऊन झोपतो. हा अलर्ट झोपू देत नाही.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, “गर्भाशयमुखाची तपासणी कधी केलीय?” कधीच नाही. सत्तर टेस्टमध्ये तीच नव्हती!

वाचत बसलो, तर सापडलं आपलंच उस्मानाबाद, आताचं धाराशिव. तिथल्या गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झालाय. एचपीव्हीची टेस्ट फक्त एकदा केली, आणि आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने तर पातळ ॲसिटिक ॲसिड वापरलं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. ते लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकून ट्रेनिंग घेतलेल्या बायका होत्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी! कारण हा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात. आधीच्या पायरीवर पकडला तर तो होतच नाही.

तोंड, स्तन, गर्भाशयमुख, तिन्हींची तपासणी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आई म्हणाली, “मला काही होत नाहीये, मग कशाला?” अगं, काही होत नसतानाच करायची असते ती. पण खरं सांगू? आईसमोर तो शब्द उच्चारायलाच मला अवघडल्यासारखं झालं. शेवटी मावशीला फोन केला. दोघी गेल्या, येताना भाजी घेऊन आल्या.

आईचा रिपोर्ट नॉर्मल. मावशीला पुढच्या तपासणीला बोलावलंय. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला चारदा सांगून झालंय. गुरुवारी जायचंय. मी सुट्टी टाकलीय, गाडी मीच चालवणार.