शौचावाटे रक्त? मूळव्याध समजून गप्प बसू नका!

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचे लहान कोंब वाढतात. डॉक्टर त्यांना 'पॉलिप' म्हणतात. ते सहसा दुखत नाहीत, म्हणून कळतही नाहीत. बरेचसे निरुपद्रवी असतात. पण काहींचा साधारण १० वर्षांत कर्करोग होतो.

विडी-सिगारेट, दारू, सुटलेले पोट, बैठे काम, रोजचे मटण यांनी धोका वाढतो. पन्नाशीनंतर तर अधिकच.

तेव्हा विडी सोडा, दारू सोडा. भाकरी, मटकी, पालेभाजी खा. रोज अर्धा तास चाला.

आणि रक्त पडले तर "मूळव्याधच असेल" म्हणून लाजत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. दुर्बिणीच्या तपासणीत बहुतेक कोंब तिथल्या तिथे काढता येतात.

आज कोंब काढा, उद्याचा कर्करोग टाळा!