बल्ब राहू द्या, मोटारीच्या ऑटोमेशनचं बोलू

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय की स्मार्ट होमवर एक भाग करा, कुठला बल्ब घेऊ, कुठला प्लग घेऊ. बल्बचं उत्तर लगेच देऊन टाकतो. वायफाय गेलं तरी भिंतीवरच्या बटणावर चालणारा घ्या. कारण कंपनीच्या सर्व्हरचा काही भरवसा नसतो. रिव्हॉल्व्ह नावाचा एक स्मार्ट होम हब होता, २०१६ साली त्याचा सर्व्हर बंद केला आणि लोकांच्या घरात नुसते प्लास्टिकचे डबे उरले. झालं बल्बचं.

आता खरा विषय. आपल्या पाटस-वरवंड पट्ट्यात ऑटोमेशन घरात यायच्या आधी शेतात आलं. अलेक्सा भारतात आली २०१७ ला. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’, म्हणजे मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचं यंत्र, त्याला २००९ मध्येच नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. आज मोबाईल स्टार्टर कितीतरी कंपन्या बनवतात.

गरज काय होती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जायचं, आणि त्याच उसात बिबट्या. घरात पडल्या पडल्या फोन लावून मोटार चालू होत असेल, तर ती चैन नाही.

आणि सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, साधा कॉलवाला स्टार्टर मला भारी वाटतो. लॉगिन नाही, अपडेट नाही, इंटरनेट नाही. आजोबांच्या बटणाच्या फोनवरूनही चालतो. लाईट आहे का, मोटार चालू आहे का, हे सांगतो. पाणी तुटलं आणि मोटार कोरडी फिरायला लागली, की करंट कमी झालेला ओळखून बंद करतो. निम्म्या ॲपना एवढं धड जमत नाही.

पण त्याच डब्यात एक ‘ऑटो’ मोड असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. हाच जुना ऑटोस्विच, फक्त नव्या कपड्यात. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. आपण ऐकतो आणि सोडून देतो. का काढायचा, ते एकदा आकड्यात बघा.

समजा १०० केव्हीएचा डीपी आहे. त्याची ताकद साधारण १३५ अँपिअर. त्यावर ५ एचपीच्या १५ मोटारी. चालू मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे सगळ्या मिळून ११० च्या आसपास. डीपी आरामात ओढतो. पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना तीच मोटार काही सेकंद सहापट करंट खेचते. पंधराही जणांचा ऑटो चालू असेल, तर लाईट आल्या क्षणी साडेसहाशे अँपिअरच्या पुढची मागणी! व्होल्टेज पडतं, त्यामुळे मोटारी वेग घेत नाहीत, आणि वेग घेत नाहीत म्हणून जास्त करंट खेचत राहतात. मग फ्यूज जातो. असं रोज होत राहिलं की एक दिवस डीपीच जातो. ऐन एप्रिलमध्ये डीपी जळाला की नवीन येईपर्यंत पंधराही जणांची पिकं उन्हात.

गंमत म्हणजे हा प्रॉब्लेम आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रोजचा. बंद पडलेला सर्व्हर परत उभा राहिला, की लाखो फोन एकाच सेकंदाला त्याच्यावर धडकतात आणि तो पुन्हा आडवा. आम्ही त्याला ‘थंडरिंग हर्ड’ म्हणतो, उधळलेला कळप. त्यावर उपाय अगदी साधा: प्रत्येक फोननं वेगवेगळा वेळ थांबायचं.

हेच शेतात करता येतं. बहुतेक मोबाईल स्टार्टरमध्ये डिले सेट होतो, पण सेटिंग कुणी उघडतच नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून नंबर ठरवा. पहिल्याला ३० सेकंद, दुसऱ्याला एक मिनिट, असं करत पंधराव्याची मोटार साडेसात मिनिटांनी. आठ तासांच्या पाळीत साडेसात मिनिटं काहीच नाहीत. पंधरावा नंबर कोणाचा, यावरून भांडणं होणार हे मलाही माहितीये. दर महिन्याला नंबर फिरवा.

एक मात्र जीवावरची गोष्ट आहे. फोनवरून मोटार बंद केली म्हणजे पेटीतला करंट गेला असं नाही. तुम्ही स्टार्टर उघडून बसलाय आणि घरून भावानं फोन लावला, किंवा ऑटोनं उचललं, तर? म्हणून मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट काढा आणि स्वतःच्या खिशात टाका. पेटीवर ठेवायच्या नाहीत, खिशात.

नवीन घेणार असाल तर दुकानात दोन गोष्टी विचारा. टू-जी आहे की फोर-जी? टू-जीच्या डब्यात जिओचं सिम चालत नाही. आणि डिले किती मिनिटांपर्यंत जातो? सिमला डेटा लागत नसेल तर फक्त कॉल-एसएमएसचा रिचार्ज मारा. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे कंपन्यांना तसे पॅक द्यावेच लागतात.

तुमच्या डीपीवर किती मोटारी आहेत आणि त्यातल्या किती ऑटोवर, हे विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन ऐकवतो.