वादळी दिवशी अलिबाग

रायगड जिल्ह्यात समुद्राच्या काठी अलिबाग हे गाव आहे. समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. पुरी ओहोटी असली की माणूस चालत किल्ल्यात जातो. भरती आली की होडीवाचून वाट नाही.

शिवाजीमहाराजांनी १६८० साली हा किल्ला बांधायला घेतला. त्याच वर्षी महाराज गेले. पुढे संभाजीमहाराजांच्या काळात काम पुरे झाले. मग कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले. पण किल्ला पडला नाही.

आम्ही तिथे गेलो तो दिवस आषाढी एकादशीचा. वारा असा की छत्री धरवेना. दुपारचे साडेतीन झाले होते. बरोबर गावातली दोन तरणी पोरे होती. ती म्हणाली, "गुरुजी, पाणी घोट्याएवढेच आहे. पटकन जाऊन येऊ."

जवळच एक म्हातारे कोळीबाबा होड्या शाकारून बसले होते. त्यांनी विचारले, "पोरांनो, आज तिथी कोणती?"

"एकादशी."

"मग अकराची पाऊणपट करा."

आम्हाला पाऊणकी पाठ. अकरा पाऊण सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला पुरी भरती. त्याआधी सहा तास, सव्वादोनला, पुरी ओहोटी. म्हणजे पाणी केव्हाच परत फिरले होते!

बाबा म्हणाले, "जाताना घोट्याला, येताना गळ्याला. त्यात आज वारा पाण्याला आत ढकलतोय."

पोरे हिरमुसली. पण आम्ही गावात वळलो. कान्होजींनी बांधलेला हिराकोट पाहिला. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्या समाधीला हात जोडले.

सहा वाजता परत किनाऱ्यावर आलो. मघाची वाळू कुठेच दिसेना. किल्ल्यावर लाटा फुटत होत्या. पोरे गप्प उभी राहिली.

बाबांनी तटाची युक्ती सांगितली. तिथे मोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत. मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. बांधणाऱ्यांनी समुद्राचा स्वभाव ओळखला होता. म्हणून तट तीनशे वर्षांवर टिकला.

स्वभाव ओळखला की जीवही वाचतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पण इशारा आधी मिळाला होता. हजारो माणसे वेळेवर सुरक्षित जागी नेली होती. म्हणून पुष्कळ जीव वाचले.

तेव्हा मंडळी, हा हिशेब ध्यानात ठेवा. तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ. दिवसा एकदा, रात्री एकदा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. मुंबई-अलिबागकडे हा अदमास चालतो. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून नुसत्या हिशेबावर पाण्यात उतरू नका. किनाऱ्यावर पाटी असेल ती वाचा. तिथल्या कोळ्याला विचारा. तो नको म्हणाला, तर मागे फिरा. किल्ला कुठे पळून जात नाही. उद्याही ओहोटी येणारच आहे.