राखणदारांचा इतिहास : जपानमधील चर्चच्या शिबिरतळांविषयी

(मंचाच्या शरद-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींनी मला आधीच विचारले, "चर्चच्या शिबिरतळाच्या राखणदाराशी आपले काय घेणे-देणे?" प्रश्न रास्त आहे. आपल्यातले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत आणि पुष्कळ जण कोणताच धर्म पाळत नाहीत. पण गेली चार वर्षे आपल्या मुलांचे उन्हाळी शिबीर नागानो प्रांतातल्या एका छोट्या चर्चच्या तळावर भरते. तिथले राखणदार दांपत्य आता वयामुळे काम सोडते आहे आणि त्यांच्या जागी कोणी मिळालेले नाही. तळ चालू ठेवायचा की विकून टाकायचा, यावर त्या चर्चची सभा येत्या वसंतात निर्णय घेणार आहे. तेव्हा हे तळ इतकी वर्षे कोणाच्या जिवावर टिकले, हे एकदा नीट समजून घ्यावे असे मला वाटले.

सुरुवात कारुइझावापासून करू. एदो काळात टोकियो ते क्योतो या नाकासेंदो मार्गावरचे हे मुक्कामाचे गाव होते. प्रवासी, घोडे, हमाल, खानावळी यांवर गाव जगायचे. मेइजी काळात नवा रस्ता झाला, रेल्वे आली आणि गावाचा धंदा बसला. अशा पडत्या काळात, १८८६ साली, अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ हा कॅनडात जन्मलेला अँग्लिकन पाद्री तिथे उन्हाळा घालवायला आला. १८८८ मध्ये त्याने तिथे स्वतःचे उन्हाळी घर केले. त्याच्यामागून इतर मिशनरी आले, मग परदेशी वकिलातींचे लोक आले, आणि त्यानंतर टोकियोचे धनिक.

हा इतिहास माहितीपत्रकांत सापडतो. तिथे शॉच्या नावाचे छोटे चर्च आहे, शेजारी त्याचा अर्धपुतळा आहे. पण मिशनरी फार तर दोन-तीन महिने राहायचे. उरलेले नऊ-दहा महिने ती लाकडी घरे सांभाळायची कोणी? अशा माणसासाठी जपानी भाषेत एक शब्द आहे, 'बेस्सोबान', म्हणजे उन्हाळी बंगल्याचा राखणदार. आज अधिकृत शब्द 'कानरिनिन' असा आहे, व्यवस्थापक म्हणा. पण काम तेच.

हे काम नेमके काय असते, ते मी आपल्या तळावरच्या आजोबांकडून थोडेफार शिकलो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे 'मिझुनुकी', नळातले पाणी काढून टाकणे. या भागात हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत सहज उतरतो. नळीत पाणी राहिले तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि नळी फुटते. म्हणून कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी मुख्य तोटी बंद करायची, प्रत्येक खोलीतला नळ उघडायचा, बंबातले आणि संडासाच्या टाकीतले पाणी काढायचे, मोरीच्या वाकड्या नळीत न गोठणारे द्रावण ओतायचे. एक जागा विसरली तरी वसंतात पाणी सुरू केल्यावर भिंतीतून धार लागते. शिवाय छपरावरचा बर्फ ओढायचा, उन्हाळ्यात ओलीमुळे गाद्यांना बुरशी लागू द्यायची नाही, छपराखालची गांधीलमाशांची पोळी बघायची, सरपण फोडून वाळत घालायचे, अस्वलाची चाहूल लागली तर पोरांना दटावून आत ठेवायचे. ही सगळी कामे नीट झाली तर ती कोणाला दिसतच नाहीत. दिसते ते न केलेले काम.

आपल्याला हे नवीन नाही. महाबळेश्वर म्हटले की आपण गव्हर्नर माल्कमचे नाव घेतो. पण १८३० च्या दशकापासून १८६४ पर्यंत तिथल्या तुरुंगात मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी तिथले रस्ते केले आणि भाजीपाल्याचे मळे फुलवले. पॉइंटांना नावे मिळाली ती साहेबांची.

कारुइझावा फारच ऐटबाज झाले, तेव्हा काही मिशनरी तिथून उठले आणि १९२० च्या दशकात उत्तरेकडे नोजिरी तलावाच्या काठी गेले. साधी राहणी, साधी घरे असा त्यांचा आग्रह होता. यात पुढाकार डॅनियल नॉर्मन या कॅनेडियन मेथडिस्ट पाद्र्याचा होता. त्याचा मुलगा ई. हर्बर्ट नॉर्मन याचा जन्म १९०९ साली कारुइझावालाच झाला. तो पुढे इतिहासकार झाला. आधुनिक जपानच्या उभारणीचा खर्च शेतकऱ्याच्या जमीन-सारापट्टीतून कसा निघाला, हे त्याने १९४० च्या आपल्या ग्रंथात मांडले. मॅकार्थी काळातल्या संशयाच्या राजकारणाने तो पोळला आणि १९५७ साली कैरोत त्याने आत्महत्या केली. मिशनऱ्यांच्या उन्हाळी गावात वाढलेल्या मुलाने आयुष्यभर शेतकऱ्याचा इतिहास लिहिला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो, ते म्हणजे कियोसातो. यामानाशी प्रांतात, यात्सुगाताके डोंगराच्या उतारावर, सुमारे १,४०० मीटर उंचीवर 'सेइसेनर्यो' नावाचे निवासस्थान आहे. आज लोक तिथे आइस्क्रीम खायला जातात. आपल्यातले बरेच जण जाऊन आले असतील. पॉल रश हा अमेरिकन गृहस्थ १९२३ च्या भूकंपात पडलेल्या वायएमसीएच्या इमारती पुन्हा उभारण्याच्या कामासाठी १९२५ साली जपानला आला, रिक्क्यो विद्यापीठात शिकवू लागला आणि इथेच रमला. अँग्लिकन चर्चच्या तरुणांच्या शिबिरांसाठी त्याने १९३८ मध्ये सेइसेनर्यो बांधले.

त्याच १९३८ साली त्याच उतारावर आणखी काही माणसे आली. ती हौसेने आलेली नव्हती. टोकियोला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून तामा नदीवर ओगोची धरण बांधायचे ठरले होते. त्यात ९४५ कुटुंबांची घरे जाणार होती. पाण्याच्या हक्कावरून वाद झाला, काम वर्षानुवर्षे लांबले. गाव उठणार हे नक्की, पण कधी आणि कोणत्या मोबदल्यावर ते ठरेना, म्हणून शेती थांबली आणि कर्ज वाढले. १९३५ मध्ये गावकरी दाद मागायला टोकियोकडे निघाले, तर पोलिसांनी त्यांना वाटेत अडवले. इशिकावा तात्सुझो या लेखकाने १९३७ साली या गावावर कादंबरी लिहिली. या धरणक्षेत्रातली पंचवीस-तीस कुटुंबे कियोसातोच्या माळावर वसवण्यात आली. भात पिकत नाही अशी ती थंड, दगडगोट्यांची जमीन होती.

मित्रहो, मुळशी आठवल्याशिवाय हे वाचता येते का? मुंबईच्या विजेसाठी टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरे गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ओगोची धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले, कोयनेचे काम त्याच दशकात सुरू झाले. शहराच्या नळाला पाणी आणि दिव्याला वीज येते, आणि कोणीतरी डोंगरावर जाऊन दगड वेचतो. जपान असो की सह्याद्री, हिशेब सारखाच.

पुढे युद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये रशला स्थानबद्ध केले गेले आणि १९४२ मध्ये अदलाबदलीच्या जहाजाने परत पाठवले. सरकारने प्रोटेस्टंट पंथांना एका छत्राखाली आणायचा घाट घातला होता. अँग्लिकन चर्चचा मोठा भाग त्यात सामील झाला नाही, तेव्हा त्याची मान्यता गेली आणि काही बिशपांना तुरुंगात जावे लागले. म्हणजे तळाचा संस्थापक देशाबाहेर आणि मालक असलेले चर्च कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झालेले. शत्रूच्या धर्माची इमारत म्हणून तिच्याकडे बोट दाखवणे कोणालाही सोपे होते. तरी युद्ध संपले तेव्हा सेइसेनर्यो उभे होते. त्या उंचीवर लाकडी इमारत चार हिवाळे आपोआप उभी राहत नाही. कोणीतरी बर्फ ओढला, कोणीतरी दारे लावली.

१९४५ मध्ये रश अमेरिकन लष्कराच्या गणवेशात, गुप्तवार्ता विभागाचा अधिकारी म्हणून परतला. हेही सांगायला हवे, कारण आपल्याला संत नको आहेत. पण कियोसातोत त्याने केलेले काम भरीव आहे. १९४८ मध्ये तिथे चर्च झाले, आत बाक नाहीत, तातामी अंथरलेल्या आहेत, शेतकरी घरात बसतो तसे खाली बसायचे. दवाखाना, बालवाडी आणि वाचनालय झाले. भात पिकत नसेल तर दूध आणि थंड हवेतली भाजी, असे म्हणून जर्सी गाई आणल्या. १९५५ मध्ये सेइसेनर्यो जळून खाक झाले आणि १९५७ मध्ये पुन्हा उभे राहिले. रश १९७९ मध्ये वारला. त्याचा पुतळा आहे, संग्रहालय आहे. पण त्याचा माळ हिरवा केला तो धरणाने उठवलेल्या माणसांनी, आणि त्याच्या गाईंची धार पहाटे उठून काढणारे हात वेगळेच होते.

माझे म्हणणे एवढेच आहे. संस्था स्थापन करणे हे एका माणसाचे काम असू शकते, ती टिकवणे हे नेहमी अनेकांचे असते. आपण पुरोगामी म्हणवणारेही इतिहास सांगताना संस्थापकापाशी थांबतो.

आता आपल्या तळाविषयी. जपानमध्ये ख्रिस्ती लोक एक-दोन टक्केच आहेत, चर्चमध्ये तरुण कमी, म्हातारे जास्त. राखणदाराचे मानधन देणेसुद्धा छोट्या चर्चला जड जाते. आपण मात्र वर्षातून चार दिवस जातो, स्वस्त भाडे देतो आणि "किती छान जागा आहे" म्हणून फोटो काढतो. आजींनी पहाटे पाचला पेटवलेल्या चुलीचा हिशेब त्या भाड्यात नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, राखणदाराच्या मानधनाला वर्षाकाठी किती पैसे लागतात हे चर्चला विचारून आपले भाडे आपणहून वाढवावे. दोन, दर नोव्हेंबरात एक शनिवार-रविवार श्रमदानाला जावे. सेवादलात वाढलेल्यांना हे सांगायला नको. आजोबांचे हातपाय चालतात तोवर मिझुनुकी त्यांच्याकडून शिकून घ्यावी, कोणती तोटी कुठे आहे ते कागदावर उतरवून चर्चला द्यावे. तीन, त्या दोघांची हरकत नसेल तर त्यांच्या आठवणी जपानीत आणि मराठीत नोंदवून ठेवाव्यात, आणि त्यांना चालत असेल तर नावानिशी.

श्रमदानासाठी नोव्हेंबरचा दुसरा शनिवार मी मोकळा ठेवला आहे. गाडीत चार जागा आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. रबरी बूट आपापले आणावेत.