मला नकाशा का नाही?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी फाटकातून आत आले आणि पाय आपोआप मधल्या जिन्याकडे वळले. आठवी 'ब'चा वर्ग अजून तिथेच आहे. खिडकीबाहेरचा गुलमोहर मात्र गेला. संयोजकांनी मला 'शिक्षणावर काहीतरी बोल' असं सांगितलंय. अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यामुळे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण वेळ दहा मिनिटं आणि मागून मसालेभाताचा वास येतोय. तेव्हा एकच गोष्ट सांगते.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. नाव घेत नाही, तुम्हाला कळेलच. सायकलची चेन, सरांचा रेडिओ, शाळेची घंटा, काहीही बिघडलं की त्याला हाक. पण फळ्यावरचं उतरवताना त्याच्या हातून 'घ'चा 'ध' व्हायचा आणि 'भ'चा 'म'. मोठ्यानं वाचायची पाळी आली की तो घामाघूम व्हायचा आणि आपण हसायचो. मीही हसले आहे. आठवीत तो नापास झाला आणि शाळा सुटली. 'अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा आपण सगळ्यांनी खरा मानला.

त्या काळी शिक्षकांकडे या अडचणीला नावच नव्हतं. पुढे १९९५चा अपंग व्यक्तींसाठीचा कायदा आला, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. वाचन-लेखनाची अडचण त्यांत नव्हती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' त्यात आली. आज अशा मुलाला परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. हे चांगलंच झालं. पण परीक्षा मार्चमध्ये. जूनपासूनचे सगळे दिवस त्यानं वर्गात कसे काढायचे?

याचं उत्तर मला एका विद्यार्थिनीनं दिलं. तिला फार कमी दिसायचं. भूगोलाच्या चाचणीत मी तिला नकाशाच्या प्रश्नाला सूट दिली, आणि मनातून स्वतःवर खूश होते. पेपर संपल्यावर ती म्हणाली, "बाई, मला नकाशा का नाही?"

मी माझ्या मतानं दया केली होती. तिच्या लेखी मी तिला महाराष्ट्राबाहेर काढलं होतं.

त्या रात्री पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून गोदावरी, भीमा आणि कृष्णा केल्या. सह्याद्रीसाठी कागदाचा लगदा थापला. दुसऱ्या दिवशी तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "तिन्ही नद्या डोंगरातून निघून एकाच बाजूला जातात!" मग साऱ्या वर्गाला तो नकाशा हवा झाला. डोळ्यांनी नीट दिसणाऱ्या कितीतरी मुलांना नद्या पूर्वेकडे का वाहतात, हे त्या दिवशी बोटांनी कळलं.

तेव्हापासून धडा तयार करताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. यातलं नेमकं काय आलंच पाहिजे? तिथवर पोचायला आणखी कुठली वाट आहे? आणि समजलं हे मुलानं लिहून, बोलून की करून दाखवायचं? अमेरिकेतल्या 'कास्ट' या संस्थेनं या विचाराला 'युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग' असं नाव दिलं आहे. मला ते नाव फार उशिरा कळलं. पण आमच्या शाळेत उतार बांधला तेव्हाच अर्थ कळला होता. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या त्या उतारावरून आता पोषण आहाराच्या तांदळाची पोतीही येतात.

याचा अर्थ अभ्यास सोपा करून टाकायचा, असा नाही. जिथे वाचणं हेच शिकायचं आहे, तिथे वाचायला शिकवावंच लागतं, सावकाश आणि पुन्हा पुन्हा. पण भूगोल शिकायचा असताना वाचता येत नाही म्हणून मुलाला भूगोलाबाहेर का ठेवायचं? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर चार-पाच महिने शाळेबाहेर राहिलेल्या मुलालाही हेच लागू. घरी बंजारा बोली बोलणाऱ्या मुलीलाही.

कधीकधी ही वाट पाठ्यपुस्तकातच उघडते आणि आपणच ओरडतो. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना २ आधी. कितीतरी मुलं ५२ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना चेष्टाही सोसावी लागली. पण जुना शब्द कुणी काढला नव्हता. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला होता, अडखळणाऱ्या मुलासाठी.

आता मागणं. आपल्या तुकडीनं शाळेला मोठा पडदा द्यायचं ठरवलंय. जरूर द्या. पण निधीतला थोडा भाग बाजूला ठेवा : मोठ्या अक्षरांच्या प्रती, भिंगं, पुठ्ठा, सुतळी यांसाठी. दर जूनमध्ये शिक्षकांना दोन दिवस एकत्र बसू द्या. प्रत्येक विषयाचा एकच धडा त्या तीन प्रश्नांतून काढा. दहा वर्षांत केवढा साठा होईल! आणि ग्रुपवर रोज पहाटे 'सुप्रभात' पाठवणाऱ्यांनी त्याऐवजी एकेक धडा वाचून, आवाज मुद्रित करून शाळेला द्यावा. पहाटे उठण्याचं सार्थक होईल.

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे येते. त्याला विचारूनच बोलतेय. या मेळाव्याचं दोन पानी पत्र आणि मोबाइलवर भरायचा फॉर्म त्यालाही गेला होता. महिनाभर उत्तर नाही. 'त्याला यायचंच नसेल,' असं आपण म्हणालो. पस्तीस वर्षांपूर्वीचाच शेरा, शब्द तेवढे वेगळे! मग मी त्याला आवाजी निरोप पाठवला. दहा मिनिटांत त्याचाही आवाज आला : "येतो. काही दुरुस्तीचं काम असेल तर हत्यारं घेऊन येऊ का?"

तो आलाय. शेवटच्या रांगेत बसलाय. सकाळी हा माइक बंद पडला होता, तुमच्या लक्षात असेल. त्यानं तो सुरू केला, म्हणून माझा आवाज आत्ता तुमच्यापर्यंत पोचतोय.

त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचायला पस्तीस वर्षं लागली. आज आठवी 'ब'त बसलेल्या मुलाला एवढी वाट पाहायला लावू नका, इतकंच सांगते आणि थांबते.