तबला लागतो आहे, जरा थांबा



संध्याकाळी शाळेतल्या मुलांचा वाद्यवृंद आहे, म्हणून हे दोन शब्द. पडदा उघडला की आधी तबला पेटीच्या सुराला लावतात, सतारीच्या खुंट्या पिळतात. नेमक्या त्याच वेळी आपल्या गप्पा रंगतात. मुलांना सूर ऐकूच येत नाही आणि पुढे बेसूर वाजलं की हसतोही आपणच. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये रविशंकरांची वाद्यं जुळत होती, तेव्हा श्रोत्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या. निदान ते ऐकत तरी होते!

आणखी एक. आपल्या नातवाचं वाजवून झालं की उठू नका. शेवटी बासरी वाजवणाऱ्या मुलीला रंगमंचावरून आपल्या पाठी स्वच्छ दिसतात. तिनंही तितक्याच तालमी केल्यात. अगदीच जायचं असेल तर एक रचना संपू द्या. फोन बंद ठेवा. ‘वन्स मोअर’ मात्र मनसोक्त द्या.

मागच्या बाकावर कुजबुजणारी आमची टोळी आज पहिल्या रांगेत बसणार आहे. बाईंना मी तशी कल्पना देऊन ठेवली आहे.