दप्तरात काय ठेवावे?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपली कितीतरी मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. पालकांना त्यातले सारे कळत नाही. त्यात कमीपणा काही नाही. परंतु या विद्येतील एक शिस्त घरातल्या कोणालाही समजण्यासारखी आहे. तिच्याविषयी चार शब्द सांगतो.

प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो. कंपायलर नावाचे साधन त्यापासून यंत्राला कळणारी फाईल तयार करते. आपल्या स्मरणिकेचेच पाहा ना. लेखकाचे हस्तलिखित म्हणजे सोर्स कोड आणि छापखान्यातून निघालेल्या प्रती म्हणजे तयार फाईल. हस्तलिखित जपले तर प्रती हव्या तेवढ्या काढता येतात. पण चूक केवळ छापील प्रतीत सुधारली, तर पुढच्या छपाईत ती पुन्हा अवतरते.

हे हस्तलिखित जपण्याच्या दप्तराला रिपॉझिटरी म्हणतात. असे दप्तर सांभाळणारे ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, याची नोंद त्यात राहते. नियम एवढाच, की माणसाने लिहिलेले दप्तरात ठेवावे. यंत्राने घडवलेले बाहेर.

का? एक तर दोघांच्या यंत्रांवर तयार झालेल्या फाईली सारख्या निघतीलच असे नाही, आणि त्यांतील फरक ओळीओळीने वाचता येत नाही. मग एकत्र काम करताना नाहक तंटे होतात. दुसरे, मूळ सुधारले तरी दप्तरात जुनीच तयार फाईल राहते. तिसरे, गिट प्रत्येक जुनी आवृत्ती जपते. फाईल मागाहून काढली तरी दप्तराचे ओझे उतरत नाही.

चौथे कारण सर्वांत गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड युटिल्स’ या लिनक्सवरील प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्यांत चोरवाट सापडली. लॉग-इनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती पकडली. ती उघडणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. अशा गठ्ठ्यात यंत्राने घडवलेल्या फाईली असतातच, म्हणून ताडून कोण पाहतो? उरलेला भाग चाचणीच्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फाईलींत दडवला होता, आणि त्या दप्तरातच होत्या. तात्पर्य, जे वाचता येत नाही त्याची तपासणी होत नाही, आणि जिथे तपासणी नाही तिथे दगाबाजीला जागा मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी ‘डॉट गिटइग्नोअर’ ही फाईल लिहा आणि तीत बाहेर ठेवायच्या फाईलींची नावे घाला: सी भाषेच्या ऑब्जेक्ट फाईली, जावाच्या क्लास फाईली, ‘नोड मॉड्यूल्स’ हा फोल्डर. मात्र आधीच दप्तरात शिरलेल्या फाईलीला ही यादी अडवत नाही. ती ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ हा पर्याय जोडून काढावी लागते. पासवर्ड असलेली फाईल चुकून गेली असेल, तर ती काढून भागत नाही; पासवर्डच बदला. नियमाला अपवादही आहे. ‘पॅकेज-लॉक’सारखी फाईल यंत्र लिहिते, तरी ती ठेवावी, कारण कोणत्या सामग्रीची नेमकी कोणती आवृत्ती वापरली, हे ती सांगते.

शेवटी स्वतःची परीक्षा घ्या. दप्तराची नवी प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि तिथे प्रोग्रॅम तयार करून पाहा. झाला, तर दप्तर पुरते आहे असे समजा.

आणि पालकांनो, मुलाने प्रकल्प दाखवला की एकच प्रश्न विचारा: “बाळा, यातले तू स्वतः काय लिहिलेस?” दप्तर स्वच्छ असेल, तर उत्तर त्याला बोट ठेवून दाखवता येईल.